गणवेशाचा ताळेबंद

रोहिणी नक्षत्र सरत आले आणि मृगाची चाहूल लागली, की यवतमाळ जिल्ह्यातील बाजारपेठांत दोन प्रकारच्या दुकानांपुढे गर्दी होऊ लागते. एक कृषी केंद्रांपुढे आणि दुसरी गणवेशाच्या दुकानांपुढे. पुसद असो, वणी असो, दारव्हा असो की पांढरकवडा, चित्र सारखेच. एका दुकानात शेतकरी कपाशीच्या बियाण्याची पाकिटे मागत असतो आणि दोन दुकाने पलीकडे त्याच्याच घरची माऊली मुलाच्या खांद्याला सदरा लावून पाहत असते. पैसा मात्र एकाच पिशवीतला असतो. तो आधी कोणत्या दुकानात द्यायचा, हे त्या एका दुपारी रस्त्यावर उभे राहूनच ठरवावे लागते.

२०२५ च्या खरीप हंगामासाठी केंद्र शासनाने बीटी कपाशीच्या एका पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवली. समग्र शिक्षा योजनेत एका विद्यार्थ्याच्या दोन गणवेशांसाठी ६०० रुपये, म्हणजे एका गणवेशासाठी ३०० रुपये धरलेले आहेत. बियाण्याचे एक पाकीट आणि शासकीय दराचे तीन गणवेश यांची किंमत अशी जवळजवळ सारखी होते. एकरी दोन पाकिटे धरली, तर तीन एकरांच्या कास्तकाराला सहा पाकिटे लागतात. त्याचे ५,४०६ रुपये झाले. खत, मशागत आणि मजुरी वेगळीच. कापूस घरात येतो तो दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास. त्यामुळे जून महिना हा या घरांच्या वहीत खर्चाचे सर्व रकाने भरलेला आणि जमेचा रकाना कोरा असलेला महिना असतो.

याच महिन्यात शहरातील सुस्थित घरांतही कपडेपट उघडले जातात. मुलांचे कपडे आवरणे हे तेथे गृहिणीचे, फार तर आजीचे, वार्षिक काम समजले जाते. जुने बाहेर निघते, नवे आत जाते आणि कपाटाचे दार बंद होते. वस्तुतः ही आवराआवर म्हणजे घराचा एक छोटासा ताळेबंदच असतो. शिल्लक काय, गरज किती, दुरुस्तीस योग्य काय आणि आपल्याकडे पडून असलेले, पण दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल असे काय, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात मिळायला हवीत. पहिल्या तीन प्रश्नांकडे बहुतेक घरे लक्ष देतात. चौथा प्रश्न मात्र बहुधा दिवाळीपर्यंत लांबतो आणि तोवर त्याची वेळ निघून गेलेली असते.

विदर्भाचा जादा आठवडा

उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये राज्यात इतरत्र १६ जूनला शाळा सुरू झाल्या, तर विदर्भात २३ जूनला. हा जो जादा आठवडा मिळतो, तो तयारीसाठी फार मोलाचा. मुले आजोळाहून परतलेली असतात, पावसाची झड अद्याप लागलेली नसते आणि धुतलेले कपडे अंगणातील उन्हात तासाभरात वाळतात. एकदा आषाढसरी सुरू झाल्या, की हीच कामे चौपट वेळ घेतात.

आवरण्याचा आरंभ खरेदीने करू नये, मोजदादीने करावा. प्रत्येक मुलाचे सर्व कपडे पलंगावर काढून ठेवावेत आणि मुलाला समोर उभे करून एकेक कपडा अंगावर घालून पाहावा. नुसता हातात धरून अंदाज घेतला, तर तो हमखास चुकतो. नंतर तीन ढीग करावेत. पहिला, या वर्षी जसाच्या तसा चालेल असा. दुसरा, किरकोळ दुरुस्तीने चालेल असा. तिसरा, मुलाला लहान झालेला. साध्या वहीच्या एका पानावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे सदरे, पॅन्ट किंवा स्कर्ट, खेळाच्या तासाचा गणवेश, मोजे, बूट आणि रेनकोट असे रकाने आखून आकडे लिहिले, की दुकानात गेल्यावर मोह आणि गोंधळ दोन्ही कमी होतात. ज्या घरात हे पान दरवर्षी जपून ठेवले जाते, तेथे मूल किती वाढले आणि कोणता कपडा किती टिकला, याचा पुरावाही आपोआप जमा होत जातो.

गणवेश किती असावेत, याचाही हिशेब आहे. शाळा आठवड्याचे सहा दिवस. सदरा रोज मळतो, कारण कॉलर आणि कफ घामाने व धुळीने खराब होतात. पॅन्ट किंवा स्कर्ट एक दिवसाआड धुतला तरी चालतो. पावसाळ्यात जाड कापडाची पॅन्ट पंख्याखाली वाळायला सहज दोन दिवस घेते. म्हणून तीन सदरे आणि दोन पॅन्ट असा संच बहुतेक मुलांना पुरतो. यांपैकी जे शिल्लक आहे ते वजा करून उरलेलेच विकत घ्यावे. ‘असू द्या, लागतील’ म्हणून घेतलेला चौथा जोड बहुधा घडी न मोडताच लहान होतो.

वाढत्या अंगाचे माप

मराठी घरांत ‘वाढत्या अंगाचे’ कपडे शिवण्याची रीत जुनी आहे. तिच्यामागे काटकसर आहे, तशी मुलांच्या वाढीची जाणही आहे. सहा ते दहा वर्षे वयाचे मूल साधारणपणे वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच उंच होते. त्या वाढीतील निम्म्याहून थोडी अधिक वाढ पायांची असते. म्हणजेच पॅन्टला वर्षाला सव्वा इंचाच्या आसपास लांबी अधिक लागते. पायाशी दोन-अडीच इंचांची दुमड ठेवली, तर लांबीपुरती ती पॅन्ट दोन वर्षे निभावते. दुसऱ्या वर्षी शिवण उसवून दुमड सोडायची, जुनी घडीची रेघ ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून घालवायची आणि पुन्हा बारीक दुमड घालायची, एवढेच काम. कमरेला आत सोडलेली अर्ध्या-पाऊण इंचाची शिलाई अशाच प्रकारे उपयोगी पडते.

मात्र हा हिशेब सर्व वयांना लागू नाही. मुलींची उंची साधारणतः दहा ते तेरा आणि मुलांची बारा ते पंधरा या वयांत झपाट्याने वाढते. या काळात दोन वर्षांचा विचार करून घेतलेला कपडा पहिल्या वर्षी ढगळ आणि दुसऱ्या वर्षी आखूड, असा दोन्हीकडून फसतो. सातवी-आठवीच्या मुलामुलींसाठी म्हणूनच कमी जोड घ्यावेत. दिवाळीनंतर पुन्हा माप घेऊन एखादा वाढवावा. या वयातील मुले कपड्यांच्या बाबतीत संकोची होतात, हेही ध्यानात ठेवावे. घट्ट झालेला सदरा घालून वर्गात बसावे लागलेली मुलगी घरी काही बोलत नाही. मात्र हात वर करून उत्तर देण्याचे ती टाळू लागते. माप घेणे हे म्हणूनच केवळ शिंप्याचे काम नाही. आईने, आजीने किंवा मावशीने एकांतात मायेने विचारपूस करण्याची ती एक संधी असते.

दुरुस्तीच्या ढिगाकडे दुर्लक्ष करू नये. तुटलेले बटण, सैल झालेले काज, उसवलेली बगल, ताणलेले इलास्टिक, अडकणारी चेन, एवढ्या पाच कारणांमुळे कितीतरी चांगले कपडे बाद ठरतात. यांपैकी एकही दुरुस्ती अवघड नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला सुईत दोरा ओवून बटण लावायला शिकवावे. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात करू नये. स्वतः लावलेले बटण मूल सहसा तुटू देत नाही.

कापसाच्या जिल्ह्यातील टेरिकॉट

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. ब्रिटिश अमदानीत यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मार्गाची रेल्वे, पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली गेलेली, याच कापसाच्या वाहतुकीसाठी टाकण्यात आली. यवतमाळजवळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत आज डेनिम कापडाचा मोठा कारखाना आहे. आणि तरीही येथील शाळकरी मुलांच्या अंगावरचा गणवेश बहुतांशी टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिस्टर आणि सूत यांच्या मिश्रणाचा असतो. ज्या पांढऱ्या सोन्यासाठी मायबाप उन्हातान्हात राबतात, त्याचा जेमतेम काही अंशच मुलाच्या सदऱ्यात उतरतो.

यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. टेरिकॉट लवकर वाळते, कमी चुरगळते, रंग धरून ठेवते आणि वर्षभर रगडा सोसते. श्रावणझडीत त्याला तोड नाही. परंतु ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि मार्च-एप्रिलच्या विदर्भी उन्हात हेच कापड घाम शोषत नाही आणि काखेत, मानेवर घामोळे उठते. ज्या शाळा केवळ रंग ठरवून देतात व कापडाचा आग्रह धरीत नाहीत, तेथे दोन सदरे मिश्र कापडाचे आणि एक शुद्ध सुती, अशी वाटणी सोयीची ठरते. शिवाय आत सुती बनियन किंवा स्लिप असावीच. सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे. पहिल्या धुण्यात ते आटते आणि मग माप कितीही अचूक घेतलेले असले तरी सदरा आखूड होतो. कापड घेताना वर्षाला लागेल तेवढे एकाच ताग्यातून घ्यावे. सहा महिन्यांनी तोच रंग मागितला, तरी छटेत फरक पडतो.

साठवणीचा शहाणपणा

निवडलेले कपडे ठेवण्याची पद्धत जितकी साधी, तितकी ती टिकते. मुलाच्या हाताला येईल असा खालचा एक खण शाळेच्या कपड्यांसाठी राखावा. त्यात घरचे किंवा समारंभाचे कपडे मिसळू नयेत. आदल्या रात्री सदरा, पॅन्ट, मोजे, रुमाल आणि ओळखपत्र एकत्र काढून ठेवण्याची सवय लागली, की सकाळची धांदल निम्मी होते. सदऱ्याच्या कॉलरच्या आत आणि रेनकोटच्या अस्तरावर नावाची अक्षरे दोऱ्याने घालावीत. शाईने लिहिलेले नाव चार धुण्यांत पुसट होते.

पावसाळ्यात खरा शत्रू ओल. किंचित दमट राहिलेली घडी कपाटात गेली, की बुरशी धरते, कुबट वास येतो आणि कसर लागते. एकदा जीवोत्पत्ती झाली, की ती नाहीशी करण्यात हिंसा आली. तेव्हा ती होऊच न देणे हाच मार्ग. कपडे पूर्ण वाळवून, इस्त्रीची ऊब निवल्यावरच घडी करून ठेवावेत. कपाटाच्या तळाशी सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा आणि उघडीप मिळेल त्या दिवशी कपाटाची दारे तासभर उघडी टाकावीत. चातुर्मासात घरातील वडीलधारी मंडळी धान्य व पाणी यांबाबत जी दक्षता पाळतात, तीच कपाटालाही लागू करावी.

तिसरा ढीग

आता उरला तो तिसरा ढीग, मुलाला लहान झालेल्या कपड्यांचा. धाकटे भावंड असेल तर प्रश्न सोपा. नसेल तर हा ढीग गाठोड्यात बांधला जातो आणि माळ्यावर जातो. वर्षा-दोन वर्षांनी बोहारीण दारावर येते, गाठोडे खाली उतरते आणि चार चांगल्या गणवेशांच्या बदल्यात स्टीलचे एखादे पातेले घरात येते. पातेल्यांची तशीही उणीव नसते. व्यवहार म्हणून त्यात गैर काही नाही. पण ज्या जून महिन्यात तो गणवेश एखाद्या घराला पाकीटभर बियाण्याइतका मोलाचा होता, तो जून मात्र निघून गेलेला असतो.

कोणत्या मुलांना गणवेशाची सर्वाधिक निकड असते, हे समजून घेणे येथे आवश्यक आहे. शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत गणवेश मिळतो. पूर्वी तो सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांनाच मिळत असे. २०२३-२४ पासून राज्य शासनाने उरलेल्या मुलांनाही त्यात सामावून घेतले. २०२४-२५ मध्ये संपूर्ण राज्यासाठी कापड एकत्रित घेऊन महिला बचत गटांकडून शिवून घेण्याचा प्रयोग झाला. गणवेश पोहोचण्यास विलंब झाल्याच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय झाला. थोडक्यात, आठवीपर्यंत शासनाचा हात आहे, मग तो कधी लवकर पोहोचो, कधी उशिरा.

खरी अडचण सुरू होते ती नववीत. गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून आठवी उत्तीर्ण झालेली मुलगी तालुक्याच्या माध्यमिक शाळेत नाव घालते. तेथवर जाण्यासाठी एस.टी.चा पास तिला अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो. मात्र ज्या योजनेतून आजवर गणवेश मिळाला, ती आठवीलाच थांबलेली असते. नवी शाळा, नवा रंग, नवे बूट, मोठे दप्तर, हे सारे एकाच वेळी आणि तेही पेरणीच्या तोंडावर. घरात दोन मुले शिकत असतील, तर कोणाचे आधी आणि कोणाचे ‘पुढच्या वर्षी’, हा प्रश्न उभा राहतो. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले, तेथे या प्रश्नाकडे किरकोळ म्हणून पाहता येत नाही. मुलीचे शिक्षण थांबण्याची कारणे मोठी असतात, हे खरे. पण पहिल्या आठवड्यातील गैरहजेरी कित्येकदा अशाच लहान कारणाने सुरू होते.

आणि नेमक्या याच मुलीला हवा असलेला गणवेश त्याच शहरातील एखाद्या कपाटात घडी करून ठेवलेला असतो. तो असतो दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीचा. या गणवेशाचे वैशिष्ट्य असे, की पंधराव्या वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलींची उंची वाढणे जवळपास थांबलेले असते. त्यामुळे नववीत शिवलेला कपडा दहावीतही पुरतो आणि बाद होतो तो झिजल्यामुळे नव्हे, तर शाळा संपल्यामुळे. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा १७ मार्चला संपली आणि निकाल १३ मे रोजी लागला. शाळा उघडल्या २३ जूनला. म्हणजे परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या मुलीचा गणवेश सव्वातीन महिने निरुपयोगी पडून होता आणि त्याच सव्वातीन महिन्यांत दुसरीकडे एक घर त्याच गणवेशासाठी पैशांची जुळवाजुळव करीत होते. बँकेच्या भाषेत बोलायचे, तर हे निष्क्रिय खाते होय. रक्कम सुरक्षित आहे, पण ती कोणाच्याच कामी येत नाही.

म्हणून कपाट आवरण्याचा पहिला दिवस जूनमध्ये नव्हे, तर दहावीच्या शेवटच्या पेपरनंतरच्या रविवारी असावा. ज्या घरात दहावीचे मूल नाही, तेथे वार्षिक परीक्षा संपताच तिसरा ढीग वेगळा करावा.

देण्याची रीत

देणे हेही नीटनेटकेपणाचे काम आहे. ज्या कपड्यात आपले मूल शाळेत पाठवायला संकोच वाटेल, तो दुसऱ्याच्या मुलासाठी देऊ नये. त्याची पायपुसणी करावीत. देण्याचा कपडा धुतलेला, इस्त्री केलेला, सर्व बटणे शाबूत असलेला आणि आधीच्या मुलाचे नाव उसवून काढलेला असावा. प्रत्येक संचावर मापाची चिठ्ठी लावावी. दारोदार चौकशी करीत फिरण्यापेक्षा त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांकडे किंवा वर्गशिक्षिकेकडे संच सोपवावा, कारण कोणाला गरज आहे हे त्यांना ठाऊक असते आणि चारचौघांत न बोलता ते काम उरकण्याचे भानही त्यांना असते. घेणाऱ्या मुलाला बोलावून छायाचित्र काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. गुप्तदानाचा महिमा ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रहाचे परिमाण ठरवून घेण्यास सांगितले आहे. सोने, धान्य, भूमी यांचे परिमाण मोठी माणसे ठरवतात. मुलांना ते समजावून सांगायला कपाटाचा एक खण पुरेसा असतो. ‘तुला तीन सदरे लागतात. हे दोन आता तुझे नाहीत. ते कोणाच्या तरी उपयोगी पडतील,’ असे सांगून मुलाच्याच हाताने घडी घालून घ्यावी. लहान वयात आपल्या हाताने वेगळी काढलेली वस्तू मोठेपणीही सोडता येते.

गणवेश या शब्दातच त्याचा उद्देश सांगितलेला आहे. गण म्हणजे समूह आणि सगळ्या समूहाचा एकच वेश तो गणवेश. कोण कास्तकाराचा, कोण व्यापाऱ्याचा, कोण मजुराचा, हे प्रार्थनेच्या रांगेत दिसू नये, यासाठी तो योजलेला आहे. रांगेतील एकाही मुलाला तो वेळेवर मिळाला नाही, तर त्याच वेशामुळे ते मूल सर्वांत आधी उठून दिसते.

शाळेच्या पहिल्या दिवशी पावसाची पहिली सर येऊन गेलेली असते. प्रांगणात चिखल असतो, मुलांच्या बुटांना तो लागलेला असतो. रांगेत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलींच्या अंगावर एकाच रंगाचे गणवेश असतात. एक दुकानातून आलेला आणि दुसरा कुठल्याशा घरातील कपाटातून. कोणता कोठून आला, हे वर्गशिक्षिकेखेरीज कोणालाही सांगता येत नाही. त्या घरातील वहीच्या पानावर मात्र तिसऱ्या ढिगाच्या रकान्यात त्या दिवशी शिल्लक शून्य असते.